देवघरातला सुपरमॅन

पत्राचा सारांश : ठाणे जिल्ह्यात राहणाऱ्या एका वाचक भगिनीचं पत्र आहे. त्या नोकरी करतात. घरात पती, सासरे आणि सहावीतला मुलगा. मुलाला सुपरहिरोंचं वेड. मे महिन्यात त्याने सुपरमॅनची बोटभर उंचीची प्लॅस्टिकची बाहुली देवघरात मारुतीच्या शेजारी ठेवली आणि आजोबांना सांगितलं, "दोघंही उडतात." निवृत्त शिक्षक असलेले सासरे दोन दिवस कुणाशी धड बोलले नाहीत. त्याच आठवड्यात पतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक व्हिडिओ येऊन पडला : सुपरमॅन म्हणजे वेष पालटलेला येशू, या सिनेमांतून मुलांवर दुसरा धर्म बिंबवला जातो. पती ओटीटीचं सबस्क्रिप्शन बंद करायला निघाले. त्यातच मुलाने जेवताना विचारलं, "सुपरमॅन कुणाला जिवे मारत नाही. रामाने तर रावणाला मारलं. मग जास्त चांगलं कोण?" उत्तर कुणी दिलं नाही, ओरडले मात्र सगळे. भगिनी विचारतात : हे सगळं बंद करू का? आणि त्याच्या प्रश्नाला उत्तर काय देऊ? खाली ताजा कलम आहे : शाळेच्या व्हॅनमध्ये दोन मोठी मुलं चौथीतल्या एका मुलाचा डबा रोज हिसकावून घेत. यांच्या मुलाने एकाला ढकललं, त्याचा ओठ फुटला. डायरीत शेरा आला. वडील म्हणाले, बघ, सिनेमांचा परिणाम.

प्रिय मैत्रिणी,

पत्रातली सगळ्यात मोठी गोष्ट तुम्ही ताज्या कलमात ढकलली आहे. तिच्याकडे मी येणारच आहे. पण आधी त्या व्हिडिओचं बघू, कारण घरातलं वातावरण त्याने तापवलंय.

व्हिडिओ अगदीच खोटा नाही. हे यजमानांजवळ आधीच मान्य करून टाका, म्हणजे पुढचं बोलणं सोपं जाईल. १९७८ सालच्या गाजलेल्या सुपरमॅन चित्रपटात आकाशातला पिता आपल्या एकुलत्या एका मुलाला माणसांना वाट दाखवण्यासाठी पृथ्वीवर पाठवतो, आणि ते अशा भाषेत सांगतो की चर्चमध्ये वाढलेल्या कुणालाही बायबल आठवावं. २०१३ सालच्या चित्रपटात तर आडपडदाच ठेवलेला नाही. आपण पृथ्वीवर येऊन ३३ वर्षं झाली, असं नायक सांगतो. येशूला क्रुसावर चढवलं तेव्हा त्याचं वय परंपरेने तेवढंच मानतात. जीव द्यायची वेळ येते तेव्हा तो चर्चमध्ये जाऊन पाद्र्याशी बोलतो आणि त्याच्या खांद्यामागच्या रंगीत काचेत प्रार्थना करणारा येशू दिसतो. यानातून तो बाहेर पडतो ते दोन्ही हात आडवे पसरून. हा सिनेमा आला तेव्हा अमेरिकेतल्या पाद्र्यांसाठी खास खेळ ठेवले होते, रविवारच्या प्रवचनात वापरता येतील अशी टिपणंसुद्धा स्टुडिओच्या बाजूने पुरवली गेली होती. म्हणजे खुणा आहेत आणि त्या जाणूनबुजून पेरलेल्या आहेत.

कशासाठी? तिकिटं खपावीत म्हणून. अमेरिकेत चर्चला जाणारा प्रेक्षक मोठा आहे, तो थिएटरात यावा म्हणून. आपल्याकडे गर्दी खेचण्यासाठी गणपतीला बाहुबलीच्या रूपात बसवणारी मंडळं झालीच की. तिथे देवाने सिनेमाचा आधार घेतला, इकडे सिनेमाने देवाचा. धंद्याचा भाग आहे, यात धर्मांतराचा कट मला दिसत नाही.

व्हिडिओ जिथे संपतो तिथून पुढची गोष्ट जास्त मजेची आहे. सुपरमॅन ज्यांनी रचला ते दोघं ख्रिस्ती नव्हतेच मुळी. जेरी सीगल आणि जो शूस्टर ही क्लीव्हलँड शहरात एका शाळेत शिकलेली ज्यू मुलं, युरोप सोडून आलेल्या कुटुंबांतली. सीगलच्या वडिलांचं जुन्या कपड्यांचं दुकान होतं. १९३२ साली त्या दुकानात चोरी होत असताना वडील कोसळले आणि गेले. मुलगा तेव्हा शाळेत होता. चोर-दरोडेखोर ज्याच्यापुढे पाचोळ्यासारखे उडावेत असा माणूस या मुलाला का सुचला असेल, याचं उत्तर शोधायला धर्मग्रंथापर्यंत जायची गरज आहे का, असं मला नेहमी वाटतं. सुपरमॅनची पहिली गोष्ट एका चित्रकथा-मासिकाच्या जून १९३८च्या अंकात छापली गेली. सगळे हक्क विकून दोघांच्या हातात पडले १३० डॉलर.

त्या पहिल्या गोष्टीत परग्रहावरचे राक्षस वगैरे काही नाहीत. निरपराध बाईचा मृत्युदंड थांबवायला सुपरमॅन गव्हर्नरच्या घरात दार उखडून घुसतो. बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला भिंतीवर भिरकावतो. राजकारण्याला हाताशी धरून देशाला युद्धात ओढू पाहणाऱ्या एका दलालाच्या मागे लागतो. थोडक्यात, रोजच्या वर्तमानपत्रातले खलनायक. हे तुमच्या सासऱ्यांना सांगून बघा. शिक्षकी पेशातल्या माणसाला यात काही वावगं वाटणार नाही.

आता त्याची जन्मकथा. ग्रह नष्ट होतोय, आईबाप तान्ह्या बाळाला छोट्या यानात घालून सोडून देतात, परकी माणसं त्याला आपलं म्हणून वाढवतात. अभ्यासकांना यात ज्यूंचा मोझेस दिसतो : इजिप्तच्या राजाने मुलगे मारायचा हुकूम काढला म्हणून आईने लव्हाळ्याच्या पेटीत घालून नाईलच्या काठी ठेवलेला. तुम्हाला कोण दिसतं? मला तर कर्ण दिसतो. कुंतीने पेटीत घालून अश्व नदीत सोडला, तिथून चर्मण्वती, यमुना, गंगा असा वाहत चंपानगरीला लागला, अधिरथ-राधेच्या घरी वाढला. अंगावर जन्मतःच न भेदणारं कवच. बाप सूर्य. आणि सुपरमॅनला ताकद कुठून मिळते? आपल्या सूर्याच्या उजेडातून. मुलाला हे सांगा आणि त्याचे डोळे बघा.

आणि कृष्ण? मामा बाळं मारतोय म्हणून वसुदेवाने टोपलीत घालून, डोक्यावर घेऊन, भर पुरातून यमुनेपलीकडे नेलेला आणि गोकुळात गवळ्यांच्या घरी वाढलेला. सुपरमॅनही शेतकऱ्याच्याच घरी वाढतो.

कुणी कुणाची चोरली हा वाद व्हॉट्सॲपवाल्यांनी खुशाल घालावा. तान्हं बाळ वाऱ्यावर सोडण्याची भीती आणि ते कुणाच्या तरी दारात सुखरूप पोचावं ही आशा माणसाला सगळ्या देशांत सारखीच. मला त्यापुढचं महत्त्वाचं वाटतं. पेटीतून वाहत आलेल्या कर्णाने भरसभेत द्रौपदीची विटंबना चालू असताना दुर्योधनाची बाजू घेतली, तिला नको नको ते बोलला. टोपलीतून आलेला कृष्ण त्याच द्रौपदीच्या हाकेला धावला. दोघांची जन्मखूण जवळजवळ एकच. वागणं? कर्णाची दानत मोठी होती, पराक्रम मोठा होता, त्याच्यावर अन्यायही झाला. म्हणूनच आपण अजून त्याच्यासाठी हळहळतो. पण त्या दिवशी त्या सभेत त्याची ताकद कुणाच्या कामी आली, हे आपण विसरत नाही. तुमच्या मुलाला सुपरहिरोंमधलं नेमकं हेच पाहायला शिकवायचंय : छातीवर कोणती खूण आहे ते राहू दे, ताकद कुणासाठी वापरली ते सांग.

खुणेवर विसंबू नये याचा ठसठशीत दाखला सुपरमॅनच्याच इतिहासात आहे. १९४६ साली अमेरिकेत त्याची रेडिओ मालिका मुलांमध्ये फार लोकप्रिय होती. त्या उन्हाळ्यात सोळा भागांची एक गोष्ट प्रसारित झाली. चिनी वंशाचं एक कुटुंब गावात राहायला येतं. त्यांचा मुलगा बेसबॉलच्या संघात निवडला जातो आणि एक गुप्त टोळी त्या कुटुंबाच्या जिवावर उठते. टोळीची खूण कोणती? जळता क्रूस. हे सगळं कू क्लक्स क्लॅन या खऱ्याखुऱ्या संघटनेवर बेतलेलं होतं. काळ्या लोकांना, ज्यूंना, परदेशातून आलेल्यांना दहशत बसवण्यासाठी क्रूस पेटवणारी ही माणसं स्वतःला कडवे ख्रिस्ती म्हणवत. सुपरमॅन त्यांच्या विरोधात उभा राहिला. ज्या गोष्टीत क्रूस खलनायकाच्या हातात आहे ती ख्रिस्ती गोष्ट की ख्रिस्तविरोधी? मला विचाराल तर दोन्ही नाही. ती शेजाऱ्याशी कसं वागावं याची गोष्ट आहे, आणि येशूची शिकवण मानणाऱ्या बऱ्याच जणांना तीच जास्त ख्रिस्ती वाटेल.

यजमानांना आणखी दोन गोष्टी सांगा, त्यांनाही गंमत वाटेल. सुपरहिरोंच्या दुनियेत डेअरडेव्हिल कॅथलिक आहे, चर्चमध्ये जाऊन पापांची कबुली देतो. कमला खान ही पाकिस्तानी वंशाची मुस्लिम मुलगी आहे, जर्सी सिटीत राहणारी. थॉर तर थेट उत्तर युरोपातला जुना देव. डॉक्टर स्ट्रेंज सिनेमात विद्या शिकायला काठमांडूला जातो. आणि २०१८ साली आलेल्या ब्लॅक पँथरच्या सिनेमात आफ्रिकेतल्या डोंगरावरची एक जमात चक्क हनुमानाचा जयजयकार करते; आपल्या सेन्सॉर बोर्डाने तेवढा शब्द म्यूट करायला लावला. खुणेने धर्म बदलत असता तर ब्लॅक पँथर पाहून अर्ध्या अमेरिकेने मारुतीला शेंदूर लावायला हवा होता.

म्हणजे या सिनेमांतून काहीच झिरपत नाही, असं मी म्हणत नाही. झिरपतं, पण आपण भलत्याच भोकावर बोट ठेवून बसतो. सासऱ्यांना विचारा, लहानपणी ते 'इंद्रजाल' कॉमिक्समधला वेताळ, म्हणजे इंग्रजीतला फँटम, वाचायचे का. त्या पिढीत ज्याच्या हाती पुस्तक लागलं तो वाचायचाच. १९६४ पासून ती चित्रकथा भारतात निघत होती, मराठीतही येत होती. वेताळाचा मूळ पुरुष बापाच्या खुन्याची कवटी हातात घेऊन शपथ वाहतो की चाचेगिरी, लोभ, क्रौर्य आणि अन्याय यांच्याशी लढण्यात मी आयुष्य घालवीन. शपथ मोठी उदात्त. चित्र मात्र बघा : जंगलात राहणाऱ्या काळ्या माणसांचं रक्षण करायला पिढ्यान्‌पिढ्या एक गोरा माणूस सिंहासनावर बसलेला. ते वाचून कुणाच्या देवघरातला देव बदलला नाही. पण वाचवणारा कोण असतो आणि वाचवून घेणारे कोण असतात, याचं एक चित्र नकळत मनात उतरलंच असणार. मुलाबरोबर सिनेमा बघताना लक्ष ठेवायचं ते इथे. कोण नेहमी वाचवतो? कोण नेहमी किंचाळत पळतं? शहर उद्ध्वस्त होतं तेव्हा ढिगाऱ्याखालची माणसं कॅमेऱ्याला दिसतात का?

आता रामाचा प्रश्न.

तुम्ही सगळ्यांनी गृहीत धरलंय की मुलगा रामाला कमी लेखतोय. मला उलट वाटतं. ज्याला रामाशी काही देणंघेणं नाही तो अशी तुलना करायच्या भानगडीत पडत नाही. अकरा वर्षांच्या मुलाने जेवताजेवता "मारणं बरोबर असतं का" असं विचारलंय. मोठमोठ्या पंडितांनी ज्यावर ग्रंथ लिहिले तो हा प्रश्न आहे. त्याला ओरडा मिळाला, म्हणजे हा प्रश्न घरात विचारायचा नसतो एवढं त्याला कळलं. पुढच्या वेळी तो यूट्यूबला विचारेल. म्हणून उत्तर चुकलं तरी चालेल, पण द्या.

आधी त्याचं अर्धं म्हणणं तपासा. सुपरमॅन मारत नाही? २०१३च्या त्याच सिनेमात तो शेवटी खलनायकाची मान मोडतो. चाहते त्यावरून अजून भांडतात. बॅटमॅनच्या अगदी सुरुवातीच्या गोष्टींत माणसं मरत, तो बंदूकही वापरत असे. मग मुलांच्या मासिकात हे बरं दिसत नाही म्हणून संपादकांनी नियम घातला. शिवाय खलनायक मेला तर पुढच्या अंकात काय छापणार, ही अडचण होतीच. सुपरहिरोंचा अहिंसेचा आदर्श असा संपादकाच्या टेबलावरही घडलेला आहे. म्हणून तो खोटा ठरत नाही हं. नाइलाजाने घातलेल्या नियमातून पुढच्या लेखकांनी सुंदर गोष्टी काढल्या : ज्याच्याकडे एका बुक्कीत जीव घेण्याची ताकद आहे त्याने हात आवरणं, यात खरोखरच मोठेपणा आहे. मुलाला हे आवडलंय, ही चांगली खूण समजा.

मग त्याला रामाची बाजू सांगा, आणि ती आजोबांनी सांगावी. युद्ध टळावं म्हणून रामाने अंगदाला शिष्टाईला पाठवलं होतं. पहिल्या समोरासमोरच्या लढाईत रावणाचा रथ मोडला, धनुष्य तुटलं, मुकुट पडला, तेव्हा राम त्याला म्हणाला, तू दमला आहेस, लंकेत जा, विसावा घे आणि मग ये. हात आवरणं म्हणजे हेच की. रावण मेल्यावर बिभीषण अंत्यसंस्कार करायला कचरत होता, तेव्हा वाल्मीकींचा राम त्याला सांगतो, 'मरणान्तानि वैराणि' : वैर मरणाबरोबर संपलं, आता तो जसा तुझा तसाच माझाही, त्याचे संस्कार कर. सुपरहिरोंच्या इतक्या गोष्टी मी पाहिल्या-वाचल्या, शत्रूच्या चितेपाशी असं उभं राहणारं माणूस मला त्यांत क्वचितच भेटलं.

मग जास्त चांगलं कोण? मी असल्या स्पर्धेत उतरणार नाही, तुम्हीही उतरू नका. फक्त एक फरक मुलाला जरूर दाखवा. सुपरमॅनचा मालक एक कंपनी आहे. काळ बदलला, प्रेक्षक बदलला की त्याचं वागणंही बदलतं. रामकथाही सांगणाऱ्यागणिक बदलत आली, पण गल्ला मोजून नाही. माणसं रामापुढे हात जोडतात, सुपरमॅनपुढे पॉपकॉर्न घेऊन बसतात. दोन्ही ठिकाणांहून शिकता येतं. नातं मात्र वेगळं आहे.

यावरूनच देवघराचं उत्तर मिळतं. सासऱ्यांना दुखावलं गेल्यासारखं वाटणं मी समजू शकते. ज्या देव्हाऱ्यात ते रोज हात जोडतात तिथे खेळणं आलं. पण मुलाने थट्टा केली नव्हती. त्याला जे सगळ्यात भारी वाटतं ते त्याने घरातल्या सगळ्यात मानाच्या जागी नेऊन ठेवलं. तेव्हा शिक्षा नको, नियम करा : देवघरात पूजेतलेच देव राहतील, सुपरमॅन अभ्यासाच्या टेबलावर. "तो वाईट आहे म्हणून नाही, ती जागा आजोबांच्या पूजेची आहे म्हणून," एवढं कारण अकराव्या वर्षी पुरतं. बाहुली फेकून मात्र देऊ नका.

सासऱ्यांकडे एक काम सोपवा. मुलाच्या कानावर मारुतीस्तोत्र घरात पडत असेलच. त्यात समर्थ म्हणतात, 'अणूपासोनि ब्रह्मांडाएवढा होत जातसे'. मुंगीएवढा लहान आणि इमारतीएवढा मोठा होणारा अँटमॅन कॉमिक्समध्ये आला १९६२ साली. समर्थांनी हे लिहिलं सतराव्या शतकात. "आमच्याकडे आधीच होतं" असा टेंभा मिरवण्यासाठी नव्हे, तर मुलाला स्तोत्रातले शब्द पाठांतरापलीकडे डोळ्यांपुढे दिसावेत म्हणून सांगायचं. त्याहून छान गोष्ट जांबवंताची. लहानपणी मारुती ऋषींना फार सतावायचा, म्हणून त्यांनी शाप दिला की तुला तुझ्या बळाचा विसर पडेल, कुणी आठवण करून दिली तरच ते परत येईल. पुढे समुद्रकाठी सगळे वानर हताश बसले असताना जांबवंत त्याला आठवण करून देतो. ताकद आहे, पण ती मस्तीसाठी वापरता येत नाही, काम निघालं की परत मिळते. मुलाला विचारा, कोणत्या सुपरहिरोला असा शाप द्यायला हवा. माझं मत आयर्नमॅनला.

ज्या घरांत उलट्या बाजूने हीच काळजी असते त्यांनाही मी हेच सांगेन. वसईकडच्या एखाद्या ख्रिस्ती आईला थॉरची धास्ती वाटत असेल, मुस्लिम घरात देव म्हणवणाऱ्या नायकांबद्दल आक्षेप असेल. बंदी घालण्यापूर्वी एकदा मुलाशेजारी बसून बघा आणि गोष्ट संपल्यावर आपल्या परंपरेतली एक गोष्ट तिच्याशेजारी ठेवा. मुलांना दोन गोष्टींमधला फरक कळतो, आपल्याला वाटतं त्याहून लवकर. बंदीच घालायची असेल तर ती धर्मापायी नको, हिंसेपायी घाला. ओटीटीवर प्रत्येक सिनेमा-मालिकेवर वयाची खूण असते : यूए ७+, १३+, १६+. सहावीतल्या मुलाने १६+चं रात्री एकट्याने मोबाइलवर बघू नये, मग नायक कुठल्याही धर्माचा असो. डेअरडेव्हिलची मालिका चांगलीच हिंसक आहे, हाडं मोडल्याचे आवाजसुद्धा ऐकू येतात. सबस्क्रिप्शन बंद करण्यापेक्षा मुलाचं वेगळं प्रोफाइल करून त्यावर वयाची मर्यादा घाला. यजमानांचाही मान राहील.

आता ताजा कलम.

पत्राच्या त्या चार ओळी मी पुन्हा पुन्हा वाचल्या. तुम्ही लिहिलंय, "चुकलाच तो, पण खरं सांगू, मला थोडं बरंही वाटलं." मलाही वाटलं. व्हॅनमध्ये बाकीची मुलं होती, ड्रायव्हरकाका होते. चौथीतल्या पोराचा डबा रोज जात होता आणि कुणी हू का चू करत नव्हतं. स्पायडरमॅनची मूळ गोष्ट १९६२ची आहे, ती काय सांगते? पळणाऱ्या चोराला अडवणं सहज शक्य असताना पीटर "मला काय त्याचं" म्हणून बाजूला होतो. पुढे तोच चोर त्याच्या काकांचा जीव घेतो. ताकद असून गप्प राहणं हाही अपराध, हे तुमच्या मुलाने बरोबर उचललंय. ते त्याच्यापासून काढून घेऊ नका.

पण सुपरहिरोंच्या गोष्टींतली खरी गोम इथेच आहे आणि माझ्या मते त्या व्हिडिओवाल्यांनी ओरडायला हवं होतं ते यावर. या गोष्टींत अन्याय दिसला की नायक एकटा ठरवतो, एकटा ठोकतो आणि त्याचं नेहमी बरोबरच निघतं. पोलीस उशिरा येतात, मोठी माणसं बावळट असतात, कायदा अडथळा असतो. खऱ्या व्हॅनमध्ये ढकललेल्या मुलाचा ओठ फुटतो. नशीब, दात नाही पडला किंवा डोकं लोखंडी दांड्यावर आपटलं नाही.

मुलाला एक जुनी गोष्ट सांगा. फेब्रुवारी १९४०, महायुद्ध सुरू झालेलं, अमेरिका अजून त्यात उतरायची होती. एका मासिकाने सुपरमॅन रचणाऱ्या त्या दोघांकडून दोन पानी चित्रकथा करून घेतली : सुपरमॅनने युद्ध संपवायचं ठरवलं तर? सुपरमॅन हिटलरची मानगूट धरतो. ठोसा लगावायचा मोह होतो, पण तो आवरतो. मग स्टॅलिनलाही उचलतो आणि दोघांना नेऊन उभं करतो ते जिनिव्हाला, राष्ट्रसंघापुढे, न्यायनिवाड्यासाठी. नाझींच्या एसएस संघटनेचं साप्ताहिक इतकं चिडलं की त्याने सीगलवर, तो ज्यू असण्यावर, गरळ ओकणारा लेख छापला. विचार करा, दोघं ज्यू तरुण आहेत, हिटलर त्यांच्या लोकांच्या जिवावर उठलाय, हातात सर्वशक्तिमान नायक आहे, कागद आपला आहे, हवं ते काढता येतं. त्यांनी काढलं ते न्यायालय.

मग मुलाला विचारा, तुझ्या व्हॅनमधलं जिनिव्हा कुठे आहे? ड्रायव्हरकाका? वर्गशिक्षिका? आई? यातल्या कुणाकडे जावंसं त्याला का वाटलं नाही, हे कान देऊन ऐका. "सांगून काय उपयोग" असं तो म्हणाला तर ती तुमच्यासाठी आणि शाळेसाठी डायरीतल्या शेऱ्यापेक्षा मोठी बातमी आहे. उपदेश करू नका. पुढच्या वेळी असं दिसलं तर पहिल्यांदा काय करायचं, ते दोघांनी मिळून ठरवा : त्या लहान मुलाला स्वतःच्या शेजारी बसवून घ्यायचं, मोठ्याने "काका, बघा" म्हणायचं, घरी आल्या आल्या तुम्हाला सांगायचं. अंगावर कुणी आलं तर मागे सरायचं. ढकलल्याबद्दल त्याने त्या मुलाची माफी मागावी, अडवल्याबद्दल नाही. या दोन गोष्टी त्याला वेगवेगळ्या करून सांगा. यजमानांच्या डोक्यातही त्या सध्या एकच झाल्या आहेत, तेव्हा हे बोलणं त्यांच्यासमोर झालं तर बरं.

शाळेत तुम्ही दोघांनी जा. एकट्या गेलात तर तक्रार आईच्या लाडावर ढकलली जाण्याची शक्यता असते. वर्गशिक्षिकांकडे आधी वेळ मागून घ्या; शाळा सुटण्याच्या गडबडीत फाटकापाशी हे बोलणं होत नाही. आपल्या मुलाची चूक आधी सांगा आणि मग डब्याचं विचारा : किती दिवस चाललं होतं, त्या मुलाच्या घरी कळवलंय का, व्हॅनमध्ये मदतनीस बाई का नसतात. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लेखी मागा. आणि शक्य झालं तर त्या चौथीतल्या मुलाच्या आईला एक फोन करा. तिला यातलं काहीच माहीत नसण्याची शक्यता मला जास्त वाटते.